पाचवी शाखा

अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर चाळीसएक हौशी माणसं फावल्या वेळात लिहीत. नवी आवृत्ती कधी काढायची, कुठलं काम कुठल्या शाखेत, म्हणजे कोडच्या कुठल्या वेगळ्या प्रतीत चालायचं, हे त्यांची समन्वयक म्हणून ती ठरवायची. म्हणजे खरं तर सगळ्यांच्या मागे लागून लागून तिच्या नाकी नऊ यायचे.

या वेळी तारीख दोनदा पुढे गेली होती. शाखा चारच ठेवायच्या, असं सगळ्यांनी कबूल केलं होतं. सोमवारी यादीत पाचवी दिसली, बिननावाची. तिने ती काढून टाकली. मंगळवारी ये रे माझ्या मागल्या.

आवाजाचं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षकांना तिने फोन लावला. त्यांना सगळे मास्तरच म्हणत.

“मास्तर, ही शाखा तुमची का?”

“छे. बदल तर तुमच्या नावावर आहेत.”

“मी एक ओळही लिहिलेली नाही.”

“मग ज्याने लिहिलंय त्याने छान लिहिलंय. वाक्याआधी आवाज श्वास घेतो.”

तिने पासवर्ड बदलला. सगळ्यांचे अधिकार काढून घेतले. तरी गुरुवारी पाचवी शाखा आपोआप नव्या आवृत्तीत मिसळली होती. नोंदीत वेळ दुपारी एकची, म्हणजे ती जेवत होती तेव्हाची. तारीख तिसऱ्यांदा बोंबलली.

प्रत्येक आवृत्ती आधी तिच्या सासूबाई वापरून बघत. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. ती तणतणत त्यांच्या खोलीत गेली.

“आई, अडकतंय का हे?”

“अडकत नाही गं. मधे थांबतो. माझं ऐकून घेतो.”

त्या सॉफ्टवेअरला ऐकता येत नव्हतं. तशी सोयच त्यात कुणी केली नव्हती.

“पुरे झालं,” ती म्हणाली. तिने वायर उपटली, संगणक उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. राहिलेला कीबोर्ड न्यायला ती परत आली.

सासूबाई पलंगाच्या कडेला, रिकाम्या टेबलाकडे तोंड करून बसल्या होत्या.

“कामाचा ताप आहे रे तिला,” त्या हळूच म्हणाल्या. “मनाची वाईट नाही.”

“आई, कुणाशी बोलताय?”

त्यांनी गप्प राहायची खूण केली.

खोलीत कुणीतरी श्वास घेतला.

सासूबाई हसल्या. पलंगावर जरा आत सरकल्या.

मोकळी झालेली कड हळूहळू खाली दबली.