धण्याच्या पाण्याचा वास

त्या दिवशी मी मंचरला गेले होते ते ब्लीच आणायला. पाच लिटरचा कॅन, हातमोज्यांचं एक खोकं, आणि आईच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणायची होती. जानेवारीतली दुपार. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे अवसरीला परतायला अडीच वाजले. इतकं बारीकसारीक सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक म्हणतात, कल्याणी, तू दमली होतीस, तुला भास झाला. दमले होते हे खरंच आहे. पण तिला आधी मी पाहिलंच नाही. तिला पाहिलं रत्नदीपने.

रत्नदीप माझा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, कळंबच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी भागेना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या, त्याचं रक्त जिथं तयार होतं ती जागाच औषधांनी रिकामी करायची आणि दुसऱ्या कुणाच्या पेशी तिथं वसवायच्या. माझ्या जुळल्या. चार तास मी मशीनशेजारी पडून होते. संध्याकाळी एका छोट्या पिशवीतून माझं रक्त थेंब थेंब करत त्याच्या अंगात गेलं.

चार महिने पुण्यात भाड्याच्या खोलीत काढून आम्ही त्याला गावी आणला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्याच्या अंगात अजून राखणदार नाही. आपल्याला सर्दी करून जाणारा जंतू त्याला घेऊन जाईल." म्हणून अण्णांनी माडीवरच्या खोलीला नवी फरशी आणि काचेचं दार बसवलं. आत फक्त मी जायची, तीही हात धुऊन, मास्क लावून. न शिजवलेलं काही आत न्यायचं नाही. फुलं नाहीत, फळं नाहीत. आई काचेबाहेर बसून त्याच्याशी बोलायची.

त्या दुपारी मी दार उघडलं आणि दारातच थांबले. खोलीत ब्लीचच्या वासाखाली आणखी एक वास होता. गार, मातकट. भिजवलेल्या धण्यांचा.

"ताई, तू कुना पोरीला वर सोडलं का?" रत्नदीपने विचारलं.

"कुठली पोरगी?"

"असंल सहा-सात वर्षांची. हितं पायाशी बसली व्हती. डोळ्यावर वलं फडकं धरलेलं."

"काही बोलली?"

"सरक म्हनली... तेवढंच."

मी पायाशी हात लावला. चादर तळहाताएवढी ओली होती.

खाली येऊन मी आईला रागावले. आई पायरीवर लसूण सोलत होती. ती म्हणाली, "मी सकाळपासून हितंच बसलीय. माझ्या अंगावरून कोन वर जानार?"

मी चादर बदलली, खोली दोनदा पुसली. धण्यांचा वास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी रत्नदीपचे डोळे लाल झाले. चौथ्या दिवशी ताप आला, आणि लघवीतून रक्त जायला लागलं. वेदनेने तो उशी दातात धरायचा. अण्णांनी गाडी केली आणि आम्ही पुन्हा पुण्याला गेलो.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ॲडिनोव्हायरस," त्या म्हणाल्या. "तुम्हाआम्हाला हा झाला तर डोळे येतात, घसा बसतो, आठ दिवसांत बरं वाटतं. पण तो कधीकधी अंगातून जात नाही. वर्षानुवर्षं झोपून राहतो. राखणदार नाही असं कळलं की उठतो. लहानपणी याला डोळ्यांची साथ आली होती?"

मी हो म्हणाले.

आता जे सांगते, ते मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते, रत्नदीप चार. सुट्टीत येडगावला सारजाआत्याकडे जायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी माझे डोळे चिकटले होते. आईला कळलं तर जाणं रद्द होईल, म्हणून मी मोरीत जाऊन खसाखसा धुतले आणि सांगितलं, कचरा गेलाय. आत्याची एकच मुलगी होती, सोनल, सात वर्षांची. आम्ही तिघं एका वाकळेवर झोपायचो, एका टॉवेलने तोंड पुसायचो. सोनल मधे. डाव्या हाताने जेवायची. अंगाने किडकिडीत, पण जागा सगळी तिलाच लागायची. कोपराने ढोसून म्हणायची, सरक.

तिघांचेही डोळे आले. आत्या धणे भिजवून त्या पाण्याच्या घड्या आमच्या डोळ्यांवर ठेवायची. माझे बरे झाले, रत्नदीपचे झाले. सोनलचा आजार मात्र छातीत उतरला. श्वास भात्यासारखा चालायला लागला. नारायणगावच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच ती गेली. रत्नदीपला कुणी काही सांगितलं नाही, आणि पुढे घरात तिचं नावच निघेनासं झालं. तिचा एक फोटोही नव्हता. सोनल नावाची कुणी होती, हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

औषध सुरू झालं. ते किडन्यांना सोसत नव्हतं, आणि रक्तातला विषाणू दर तपासणीला वाढतच होता. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "एक मार्ग आहे. तुम्हाला हा आजार होऊन गेलाय. तुमच्या रक्तातल्या पेशी त्याला ओळखतात. त्या परत काढून याला देऊ. पण तोवर त्याने तग धरायला हवा."

त्या दिवशी सहाच्या सुमाराला मी आत गेले. बाहेर अंधारून आलं होतं, वॉर्डातले दिवे अजून लागायचे होते. मास्क असूनही तो वास मला आला. रत्नदीप पलंगाच्या अगदी कडेला होता, पाठ लोखंडी कठड्याला टेकलेली. उरलेला सगळा पलंग मोकळा. मोकळा म्हणायचा, पण चादर तिथं दबलेली होती. डोक्याशी उशीलाही खळगा पडला होता.

"रत्नदीप, मधे ये ना."

त्याने डोळे उघडले नाहीत. "जागा न्हाई, ताई... ती झोपलीय."

"कोण?"

"लई ढोसती. अजून सरकलो तर... खाली पडंन."

पळून जावंसं वाटलं, ते मी लपवत नाही. कुठंतरी थेंब पडत होता. बेसिनचा नळ मी तपासला, तो कोरडा होता. मग मी पलंगाच्या त्या मोकळ्या बाजूला गुडघे टेकून बसले आणि हळू आवाजात बोलले.

"सोनल... मी कल्याणी. माझे डोळे घरूनच आले होते. मला ठाऊक होतं. तरी मी तुझ्या टॉवेलला तोंड पुसलं. याला काही कळत नव्हतं, हा चार वर्षांचा होता. याला ढकलू नको. जागा पाहिजे तर... माझ्याकडे ये."

थेंब थांबला. मी श्वास धरून बसले. माझ्या मनगटावर काहीतरी गार, ओलं टेकलं, आणि तसंच राहिलं. किती वेळ ते सांगता येत नाही. मग दिवे लागले. रत्नदीप झोपेतच कूस बदलून पलंगाच्या मधे आला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या पेशी काढल्या आणि त्याला दिल्या. पंधरा दिवसांनी विषाणू उतरायला लागला. एप्रिलमध्ये आम्ही त्याला घरी आणला. किडन्या निम्म्यानेच चालतात, वेल्डिंग आता जमायचं नाही, पण तो जिन्याने खाली येऊन आईच्या शेजारी बसला. ती पोरगी पुन्हा दिसली का, असं मी त्याला विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

मे महिन्यात मी येडगावला गेले. आत्या आता एकटीच असते. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती, तिचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तू गाडीतनं उतरलीस तवाच तुझे डोळे पायले व्हते मी."

"मग आम्हाला एकत्र का झोपवलंस?"

तिने वेचलेले खडे उंबऱ्याबाहेर टाकले. मग म्हणाली, "पोरांचे डोळे येत्यात न जात्यात. तवा कोन इचार करतं..." आणि सूप घेऊन आत निघून गेली.

मला वाटलं, संपलं.

रत्नदीपच्या रक्तात माझ्या पेशी किती आणि त्याच्या स्वतःच्या किती उरल्या, हे दर तीन महिन्यांनी तपासतात. मे महिन्यात सगळ्या माझ्या होत्या. डॉक्टर खूश होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी मला एकटीला बोलावलं. शंभरातल्या शहाण्णव माझ्या होत्या, आणि उरलेल्या चार त्याच्या नव्हत्या. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच आलं. नोव्हेंबरमध्ये त्या नऊ झाल्या.

डॉक्टर कागद उलटसुलट बघत होत्या. "या पेशी एका मुलीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याच रक्ताच्या नात्यातल्या. सख्खी बहीण नाही, जरा लांबची. अशा कुणाचं रक्त याला कधी दिलं होतं का?"

मी नाही म्हणाले. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. रत्नदीप विचारतो, ताई, रिपोर्ट काय म्हणतो? मी सांगते, चांगला आहे. त्याला भूक लागते, त्याचं वजन वाढतंय. फक्त हल्ली तो डावखुऱ्यासारखा जेवायला लागलाय.