लाल ठिपका

नवा रंग आला की प्रयोगशाळेत पहिलं बोट टोचायचं ते अकेलोचं. बाकीची मंडळी सुईला भिणारी. सरोवराकाठच्या किसुमूतल्या संशोधन केंद्रात गुणसूत्रं तपासायचं काम तिचंच. रंग लावला की बाईच्या पेशीत दोन हिरवे ठिपके दिसायचे, पुरुषाच्या पेशीत एक हिरवा, एक लाल. अकेलोच्या रक्तात लाल दिसलाच, तर रंग खराब समजायचा.

तिचा मुलगा ओकिनी सिकलसेलने गेला, शाळेत जायच्या आधीच. संशोधनासाठी घेतलेल्या त्याच्या रक्ताची कुपी केंद्राच्या फ्रीजरमध्ये राहिली होती. सासूबाईंना हे कळलं आणि त्यांनी गावाहून फोनचा धोशा लावला.

"पोराला अर्धवट पुरलंस गं! रोज स्वप्नात येतो माझ्या, थंडीनं कुडकुडत. आण त्याला घरी."

अकेलोचं मन धजेना. लेकाचं तेवढंच काय ते उरलं होतं. शेवटी साहेबांची परवानगी काढून ती कुपी घेऊन गावी गेली. अंगणातल्या थडग्याशेजारी ती मातीत ठेवताना हमसून हमसून रडली.

"आता तुझं माझ्याकडे काहीच नाही रे," म्हणाली.

परतल्यावर नवा रंग आला. तिच्या एका पेशीत लाल ठिपका होता.

शेजारच्या टेबलावरचा बरासा हसला. "घाबरतेस काय? रंग चांगलाय. मुलगा पोटात वाढला की त्याच्या चार पेशी आईत राहतात. पुस्तकातच आहे की."

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग ती रोजच बोट टोचू लागली. लाल ठिपके वाढत गेले. तिचे सांधे ठणकू लागले, ओकिनीचे ठणकायचे तसे. सरोवरावरचा वारा पडलेल्या दुपारीही ती स्वेटर घालून बसायची. बरासाला तिने काही सांगितलं नाही.

एक दिवस सासूबाईंचा फोन आला. आवाज हलका झाला होता.

"काल आला होता गं. आता कुडकुडत नाही. ऊब मिळाली म्हणतो. चांगलं केलंस, पोरी."

फोन ठेवून तिने सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावली.

एकूणएक पेशीत लाल ठिपका होता.

बरासाने येता-जाता भिंगाला डोळा लावला. "पुरुषाचं रक्त. कुणाचं गं?"

"ओकिनीचं."

"अगं, ते तर तू पुरून आलीस ना?"

अकेलोने काचपट्टी काढून हातात घेतली. तिच्या बोटावरचा कापूस अजून ओला होता.