सोनबंधच्या माठात कोण उतरतं?

नळाचं पाणी शुद्ध, तरी गावाची पोटं बिघडलेली. असं कसं? २०४८ साली सोनबंधला हा प्रश्न पडला आणि गावाने रीतीप्रमाणे आधी दोषी शोधला, खरं कारण नंतर पाहू म्हटलं.

दोषी ठरला निवळी नावाचा यंत्रमानव. तो तलावाचं पाणी गाळायचा, त्यातले सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) मारायचा आणि पाणी घरोघरी नळाने पाठवायचा. तरी महिन्याभरात एकवीस जणांना हगवण लागली. त्यात अकरा वर्षांच्या पौर्णिमा डहारेची धाकटी बहीणही होती. निवळीला परत पाठवून पूर्वीसारखं थेट तलावाचं पाणी प्यायचं, असा ठराव दुपारच्या ग्रामसभेत यायचा होता.

पौर्णिमाला धडकी भरली. संडासांच्या खड्ड्यांतला मैला झिरपत झिरपत तलावात पोचतो, हे तिला निवळीने दाखवलं होतं. तिने त्याला नळाचं पाणी पुन्हा तपासायला लावलं. स्वच्छ. मग घरच्या माठातलं. त्यात मात्र मैल्यातले जंतू निघाले.

"नळ आणि माठ यांच्या मध्ये कुणीतरी आहे," निवळी म्हणाला.

"मध्ये तर आपणच असतो," पौर्णिमा म्हणाली आणि क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

निवळीकडे दीप्तचूर्ण (जांभळ्या दिव्याखाली चमकणारी निरुपद्रवी भुकटी) होतं. पौर्णिमाने ते पंचायतीच्या संडासाच्या कडीला चोळलं.

सोनबंधात पदरातून गाळल्याशिवाय पाणी कुणाला देत नसत. तलावाचं पाणी पीत होते तेव्हाची ही चाल. नळ आला तरी सुटली नव्हती. सरपंच यमुनाबाई नान्हे सभेआधी संडासला जाऊन आल्या, बोटांवर पाणी शिंपडलं, हात पदराला पुसले आणि त्याच पदरातून नळाचं पाणी पंचायतीच्या माठात गाळलं. मग पेला आत बुडवला, तीन बोटांसकट.

"काकू, पिऊ नका," पौर्णिमा म्हणाली. तिने खिडक्या बंद केल्या, जांभळा दिवा लावला.

यमुनाबाईंचे हात चमकले. पदर चमकला, पेला चमकला, माठातलं पाणीही चमकलं. निवळीच्या हकालपट्टीच्या ठरावाच्या कागदावरही सरपंचांची पाची बोटं स्वच्छ उमटली होती.

"काऊन पोरी? पदर तर मी रोज धुते."

"पदर धुता, काकू. हात साबणाने नाही."

जंतूंना पाय नसतात, निवळीने जमलेल्या सभेला सांगितलं. संडासापासून माठापर्यंत ते आपल्या हातांवर बसून येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची कुणी विचारपूस करत नाही. सभेत बऱ्याच जणांनी हात हळूच पाठीमागे नेले.

ठराव यमुनाबाईंनी स्वतः फाडला. नवा लिहायच्या आधी त्या साबणाने हात धुऊन आल्या. तोवर सगळे थांबले. त्यात ठरलं: संडासापाशी साबण, माठावर झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आणि तलावालगतचे खड्डे हलवून दूर, उंचावर. तीन आठवड्यांनी गावात हगवणीचा एकही नवा रोगी नव्हता. पौर्णिमाची बहीण ओगराळ्यासाठी भांडत होती, इतकी ती बरी झाली होती.

मग तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या गावातून निरोप आला: आमच्याकडेही नळ आहे, पोटंही बिघडतात. होडीत निवळी बसला, पौर्णिमा बसली, चाळीस ओगराळी ठेवली. सरपंचांची खुर्ची काही मावेना. यमुनाबाईंनी ती काठावरच ठेवली आणि वल्हं हातात घेतलं.