शमीम शिकलगारचा चौथा पूरक

सांगलीतल्या एका बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत, तिथे आता 'पूरकशोधक' उभा होता. दिसायला अगदीच सामान्य: कपाटाएवढा, करड्या रंगाचा आणि सदैव तापलेला. पण ज्यांना कुठल्याही बँकेने दारात उभं केलं नसतं, अशा कित्येकांना त्याने घरं मिळवून दिली होती. तो बनवणाऱ्या डॉ. अनघा मगदूम स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. बँकेशी त्यांचा करार कामापुरता होता. जोडी जुळवायला किंवा तुटलेली सांधायला बोलावलं की ठरलेली फी, नाही बोलावलं तर काही नाही. त्यामुळे त्यांचा स्वतःचा गृहकर्जाचा अर्ज शाखाधिकारी कुंभोजकरांच्या टेबलात पडून होता, शेरा: 'मिळकत अनियमित'.

"माझ्या यंत्राला माझाही पूरक शोधू द्या की," त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"शोधला, मॅडम. तुमच्या कमाईच्या नोंदीच इतक्या थोड्या, की यंत्र काही बोलेना. अर्ज यादीत ठेवलाय. नोंदी वाढू द्या."

मिरजेची शमीम शिकलगार पहिल्यांदा आली, तेव्हा कुंभोजकरही वर आले होते. शमीम तंबोऱ्याची जवारी लावायची. तारांखालची घोडी कानशीने घासून तार तिच्यावर अशी टेकवायची, की नुसत्या आवाजाला झणकार यावा. हा हात तिला वडिलांकडून मिळाला होता.

"मिळकत किती?" कुंभोजकरांनी विचारलं.

"पावसाळ्यात रग्गड, उन्हाळ्यात अल्ला मालिक," शमीम म्हणाली. "हवेत ओल आली की लाकूड फुगतंय, सूर बसतोय, मग गावोगावचे तंबोरे माझ्या दारात. पण साहेब, भाड्याच्या खोलीखाली पिठाची गिरण हाय. ती सुरू झाली की तारच ऐकू येत न्हाई. मालकानं हवा तेवढा आवाज करायला परवानगी दिलीया, मला शांतता पायजे! त्यासाठी घर हवंय. एक खोली बंद करून बसता येईल, एवढं बास."

ती खाली गेल्यावर कुंभोजकर म्हणाले, "हिला कर्ज द्यायचं? उन्हाळ्यात हप्ता कोण भरणार, अल्ला मालिक?"

"हिच्या मिळकतीत चढउतार आहेत, पण त्यांना लय आहे," अनघा म्हणाल्या. "जगात कुठेतरी असा माणूस असतोच, ज्याची लय बरोबर उलटी असते. हिचं वर जातं तेव्हा त्याचं खाली. याला मी व्यस्तलय म्हणते. दोघांची मिळकत एका जोडखात्यात टाकली, की बेरीज जवळजवळ सपाट येते. पगारदारासारखी. मग दोघांचेही हप्ते त्याच खात्यातून भरायचे."

"आंधळ्यापांगळ्याची जोडी म्हणा की सरळ."

"म्हणा. पण आंधळा आणि पांगळा नेमका शोधावा लागतो. दोघेही आंधळेच निघाले तर दोघेही विहिरीत."

"आणि यंत्र ते ओळखतं कसं?"

"फक्त आकडे बघून. कोण काय धंदा करतो, का कमावतो, हे त्याला कळत नाही. कळायची गरजही नाही."

पूरकशोधकाने तासाभरात नाव दिलं: दशरथ झांबरे, तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर ठेक्याने काम करणारा. हवा कोरडी असली की त्याचा बेदाणा वाळतो, ओल आली की त्याचे हात रिकामे. दोघांनाही कर्ज मिळालं. शमीमने गिरणीवरची खोली सोडली आणि मिरजेच्या कडेला घर घेतलं. पहिल्या पावसाळ्यात ती पेढे घेऊन आली.

"एक इचारू, मॅडम? आभाळ भरून आलं की मला बरं वाटायचं. आता त्या तासगावच्या माणसाची आठवण येती. त्याच्या पोटावर पाय देतीय का मी?"

"उलट आहे. त्याच्या रिकाम्या दिवसांत तुम्हीच त्याचं घर सांभाळताय."

शमीमला हे फार आवडलं. तिने पेढ्यांचा आणखी एक पुडा ठेवला, 'त्याला पाठवा' म्हणून.

जोडी मोडली ती कुणाच्या वाईटपणामुळे नाही. डोक्यावर हक्काचं छप्पर आल्यावर दशरथला रात्री नीट झोप लागू लागली, आणि झोप लागली की माणसाला सुचतं. त्याने हवा कोरडी ठेवणारी वाळवणखोली बांधली. बेदाणा बारा महिने वाळू लागला आणि त्याची मिळकत सपाट झाली. सपाट मिळकतीला पूरक लागत नाही आणि ती कुणाची पूरक होऊही शकत नाही. नियमाप्रमाणे तो जोडीतून सुटला. उन्हाळ्यात शमीमच्या खात्यात खड्डा पडला आणि बँकेने अनघांना बोलावलं.

दुसरा पूरक वीटभट्टीवाला मिळाला. घर झालं तसं त्याने धुराचा धंदा सोडला आणि कारखान्यात कायमची नोकरी धरली. पुन्हा उन्हाळा, पुन्हा खड्डा, पुन्हा अनघांना बोलावणं. तिसऱ्या पूरक उन्हाळी पापड लाटणाऱ्या बाई होत्या. त्यांनी घराच्या गच्चीवर वाळवणाचं उष्णयंत्र बसवलं आणि पावसातही पापड विकू लागल्या.

या वेळी अनघांनी सुटलेल्या तिघांच्याही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्याहून अधिक कुतूहल वाटत होतं. आपल्या योजनेत असं काय आहे, की ती जिथे यशस्वी होते तिथेच मोडते?

"कळलं," त्या कुंभोजकरांना म्हणाल्या. "अस्थिर माणसाला मी घर देते. घर माणसाला स्थिर करतं. स्थिर झाला की तो पूरक राहत नाही. योजना चालली, की योजना संपते."

"मग शमीमबाई का नाही स्थिर होत?"

"त्यांची लय आभाळात आहे. जवारीला महिन्याचा पगार कोण देणार? आणि जवारी सोडली, तर ते घर त्यांना हवंय कशाला?"

कुंभोजकरांनी चष्मा पुसला. "हे शेवटचं बघा. चौथा नाही मिळाला, तर घर लिलावात काढावं लागेल. माझाही नाइलाज आहे. आता चांगली बातमी ऐका. जी माणसं सुटली, ती सगळी नियमाने हप्ते भरतायत. मुख्य कार्यालय तुमच्यावर खूश आहे. तुम्हाला कायमची नोकरी, दरमहा पगार. तुमचं कर्जही मग पगारावर मंजूर. एवढी सही करा."

अनघांना आनंद झाला, आणि तो त्यांना लपवता आला नाही. महिनाअखेरीला भाड्याची जुळवाजुळव पुन्हा कधी करावी लागणार नाही, एवढ्या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. "हे एक काम उरकते, मग करते सही," असं म्हणून त्यांनी यंत्र सुरू केलं.

पूरकशोधकाने सगळी यादी चाळली आणि पडद्यावर नाव आलं. व्यस्तलय आजवरच्या कुठल्याही जोडीपेक्षा अचूक होती. नाव होतं अनघा मगदूम.

"बिघाड आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी यंत्राला पुन्हा शोधायला लावलं. पुन्हा तेच नाव.

मग त्यांनी दोघींच्या नोंदींच्या तारखा ताडून पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. "यंत्राचं काही चुकलेलं नाही, साहेब. या बाईंचं खातं दर वेळी घसरलं, तेव्हा तुम्ही मला बोलावलंत आणि फी दिलीत. त्यांचा खड्डा म्हणजेच माझी कमाई. माझ्या नोंदी आता पुरेशा झाल्या आणि यंत्राने ते बरोबर पकडलं." हे बोलताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पण ही जोडी टिकणार कशी?" कुंभोजकरही आता खुर्ची पुढे ओढून बसले होते. "खातं सांधलं गेलं, तर तुमची फी बंद. फी बंद, तर तुम्ही पूरक नाही."

"बरोबर. मग पुढच्या उन्हाळ्यात खड्डा पडेल. जोडी तुटली म्हणून तुम्ही मला बोलवाल. माझी फी जोडखात्यात येईल, खड्डा बुजेल, जोडी पुन्हा जुळेल. शाळेत विजेची घंटा पाहिलीत ना? प्रवाह सुरू झाला की पट्टी ओढली जाते, ओढली गेली की प्रवाह तुटतो, तुटला की पट्टी मागे येते. म्हणून तर ती वाजत राहते. बाकीच्या जोड्या तुटल्या की संपतात. ही तुटण्यावरच चालेल."

कुंभोजकरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे दर उन्हाळ्यात तुमचे हप्ते बँकच भरणार?"

"एका फीच्या बदल्यात दोन कर्जं फिटतील, असं वर कळवा. अट एकच: मी पगारदार होता कामा नये."

त्यांनी नोकरीचा कागद दोन्ही हातांनी कुंभोजकरांकडे परत सरकवला. तो सोडताना बोटं क्षणभर अडली, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं. तेवढ्यात शमीमचा फोन आला.

"मॅडम, घावलं का कुणी?"

"घावलं. तुमचं काम थांबलं की तिचं सुरू होतं."

पलीकडे शमीमने सुस्कारा सोडला. मग जरा दबकत म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, पण तिला एक सांगाल? घर मिळालं म्हणून लगेच सुधारू नकोस म्हणावं."

"नाही सुधारणार," अनघा म्हणाल्या. "आत्ताच कायमची नोकरी नाकारलीय तिनं."