जेट्टीवर सांगते

आमच्या बेटावर वर्तमानपत्र लाँचने येतं, आणि लाँचचं काही खरं नसतं. त्यामुळे जगात काय चाललंय ते आम्हाला नेहमी शिळं कळतं. बेटावरचं मात्र गरमागरम. बेकरीवाल्याने मोठी भट्टी आणली, ती दारातून आत जाईना म्हणून चौकट काढली, आणि आता भट्टी आत आणि दार बाहेर अशी त्याची अवस्था आहे. हेडमास्तरांची दाढ काढल्यापासून शाळेत कुणीही बोलणी खाल्लेली नाहीत. आमच्याकडे मोठी बातमी म्हणजे एवढीच. पण ती ऐकायला माणसं जीव टाकतात.

या बातम्या सांगणं हे माझं काम. कागदोपत्री विचाराल तर मी हवामान सांगते. जेट्टीच्या टोकाला, जिना चढून वर, वायरलेसची खोली आहे: एक टेबल, एक संच, एक खिडकी आणि मी. रोज दुपारी चहा झाला की समुद्रावर गेलेल्या मच्छीमार बोटींना वारा किती, लाटा किती, धुकं आहे का, ते कळवायचं. पण पंधरा-पंधरा दिवस पाण्यावर काढणाऱ्या माणसाला वाऱ्याचं काय कौतुक? वारा त्याच्या कानात शिरलेलाच असतो. त्याला घरचं ऐकायचं असतं. म्हणून हवामान उरकलं की मी प्रत्येक घरचं एकेक वाक्य सांगते. नावं घेत नाही, घ्यावी लागत नाहीत. 'निळ्या कौलांकडे मांजर व्याली' म्हटलं की त्या बोटीवरचा दाढीवाला इसम लहान मुलासारखा खुदखुदतो. मला ते ऐकू येतं.

एक नियम मात्र पक्का आहे. माझ्या आधी या खुर्चीत आमचे काका बसायचे, त्यांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला. वाईट बातमी हवेवरून द्यायची नाही. पाण्यावरच्या माणसाला ती ऐकून काही करता येत नाही. नुसता हात थरथरतो, आणि थरथरता हात जाळ्यात अडकतो. तेव्हा कुणाकडे काही बरंवाईट झालं तर एवढंच म्हणायचं, "तुमचं जेट्टीवर सांगते." ऐकणारा काय समजायचं ते समजतो. जाळं ओढून घेतो आणि बोट घराकडे वळवतो. इतक्या वर्षांत मला उलट प्रश्न कुणी विचारला नाही.

आता माझ्या भावाचं सांगते. त्याला सगळं बेट 'धाकटा' म्हणायचं, कारण मी सगळ्या बेटाची ताई. तीन वर्षांपूर्वी तो बोट घेऊन गेला आणि आला नाही. वादळ नाही, काही नाही. लख्ख ऊन होतं. मी बातम्या सांगितल्या, सगळ्या बोटींनी उत्तरं दिली, त्याने दिलं नाही. पुढे फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. त्याचं उत्तर नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायचं. तेव्हापासून रोज बातम्या संपल्या, सगळ्यांची उत्तरं झाली, की संच बंद करण्याआधी मी जराशी थांबते. त्याच्यापुरती. वेड म्हणा हवं तर. मला त्याची फार आठवण येते, आणि आठवण काढायला दुसरी कुठली जागा मला माहीत नाही.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. धुक्यातूनच वहिनी घराची किल्ली द्यायला माझ्याकडे आली. धाकट्याची बायको. ती त्या दिवशी संध्याकाळच्या लाँचने बेट सोडून जाणार होती. पलीकडच्या किनाऱ्यावर एक चष्मेवाला आहे. महिन्यातून एकदा बेटावर यायचा, आमचे डोळे तपासायचा. वहिनीला जवळचं दिसेना म्हणून तिने त्याच्याकडून चष्मा करून घेतला, मग तो चष्मा सारखा सैल व्हायला लागला, आणि मग सगळ्या बेटाला कळलं की चष्म्याला काही झालेलं नाही. आम्ही पोटभर हसलो. माणूस सज्जन होता, बायको गेलेला. मीच वहिनीला म्हटलं होतं, "जा. किती दिवस बसशील?"

"ताई, तुम्हाला राग नाही ना आला?" किल्ली माझ्या तळहातावर ठेवून तिने विचारलं.

"राग कसला गं? सुटले म्हणायची मी. तुझ्या हातच्या खारट कालवणातून."

ती हसली आणि रडली. मी नुसती हसले. खरं सांगायचं तर माझ्या ओठांवर 'जा' होतं आणि पोटात 'जाऊ नको' होतं. ती गेली की ते घर बंद होणार. धाकट्याचा शर्ट अजून तिथे खुंटीवर होता, त्याचा वस्तरा आरशाखाली होता. ती होती तोवर त्या घरापुरता तो नुसता बाहेर गेलेला होता.

दुपारी धुकं इतकं दाट झालं की खिडकीतून जेट्टीचा कठडाही दिसेना. लाँचला उशीर होणार हे उघडच होतं. वहिनी ट्रंक घेऊन खाली बाकावर येऊन बसली होती. मी तिला वर बोलावलं, ती नको म्हणाली. मग मी संच लावला. हवामान सांगितलं. भट्टीचं सांगितलं, दाढेचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं. एकेका बोटीने उत्तर दिलं. सगळी उत्तरं झाली. मी नेहमीसारखी थांबले.

संचात खरखर होती. ती हळूहळू कमी झाली, कुणीतरी दार लोटून घ्यावं तशी.

"हं... बोल, ताई."

माझे सगळे लोक बोलून झालं की 'ओव्हर' म्हणतात. तसा शिरस्ताच आहे. ते न म्हणणारा एकच होता. त्याला कितीदा ओरडले होते मी त्यावरून.

माझा हात बटणावरून हलला नाही. मी ओरडायला हवं होतं, खाली पळायला हवं होतं. मी काय केलं? मी बातम्या सांगितल्या. पहिल्यापासून.

तो ऐकत होता. मधेच हसला. हसणं त्याचंच होतं, फक्त फार खालून येत होतं, खोल हौदात तोंड घालून हसल्यासारखं.

"आणखी सांग."

मी आणखी सांगितलं. तीन वर्षांचं सांगितलं. पोस्टमन निवृत्त झाला, तरी सवयीने रोज दारोदार फिरतो. दवाखान्यात नर्स आली, ती डॉक्टरांना ओरडते. मला थांबायचं नव्हतं. मी थांबले तर तो जाईल अशी धास्ती होती.

"आणि ही... ही कशी आहे?"

आता लक्षात घ्या. वीस-बावीस वर्षं मी हे काम करतेय. बातमी चांगली की वाईट, ते डोक्याच्या आधी जिभेला कळतं. मी काही ठरवलं नाही. जीभ आपसूक वळली.

"तुझं... जेट्टीवर सांगते."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते.

संचात काहीच आवाज नव्हता. खरखरही नाही. मग अगदी जवळून, अगदी शांतपणे तो म्हणाला, "येतो."

मी जिन्यावरून खाली धावले. धुक्याला एरवी खारट वास असतो. आज त्यात दुसराच वास होता, बंद पडलेली विहीर उपसताना येतो तसा. वहिनी बाकावरून उठून उभी होती. तिचा चष्मा धुक्याने पांढरा झाला होता आणि ती पाण्याकडे कान देऊन होती. मलाही ऐकू आलं. इंजिन. धाकट्याचं इंजिन मधेच ठेचकाळायचं, दम घ्यायचं आणि पुन्हा चालू लागायचं. ते दुरुस्त करून घ्या म्हणून वहिनी त्याच्या मागे लागायची.

"ताई..." ती कुजबुजली. "हे यांचं इंजिन."

"तू वर जा. खोलीत जा आणि दार लाव."

"तुम्ही... बोलावलंत?"

मी होकारार्थी मान हलवली. ती वर गेली नाही. माझ्या दंडाला धरून उभी राहिली. तिची बोटं बर्फासारखी होती.

इंजिन जेट्टीला लागून थांबलं. दिसत काहीच नव्हतं. पाणी फळ्यांवर आपटल्याचा आवाज यायचा, तेवढाच. मग धुक्यातून दोर आला आणि आमच्या पायांपुढे धप्पकन पडला. ओला, जड, शेवाळ धरलेला. टोकाला फास होता. कुणीही बोट आली की जेट्टीवर असेल त्याने तो फास उचलायचा आणि खुंटावर चढवायचा. बेटावरच्या पोरांनाही हे सांगावं लागत नाही. खुंट माझ्या हाताशी होता.

मी वाकले. तुम्हाला खोटं कशाला सांगू? मला तो फास खुंटावर घालायचा होता. मग बोट लागली असती. तो वर आला असता, कसाही, ज्या रूपात असेल त्या रूपात. मी त्याला घरी नेलं असतं, किल्ली माझ्या कनवटीला होतीच. पुढचं काही मला दिसत नव्हतं. माझी बोटं दोरावर गेली. तो थंड नव्हता. ऊबदार होता, कुणीतरी आत्ताच हातातून सोडल्यासारखा.

"ताई, नका," वहिनी म्हणाली. "मी जाऊ शकणार नाही मग. नका."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पळाली नव्हती. मी दोर तसाच सोडला आणि सरळ उभी राहिले.

"सांग," धुक्यातून आवाज आला.

"धाकट्या," मी म्हटलं, "वहिनी लग्न करतेय. आजच्या लाँचने जातेय."

पाणी फळ्यांवर आपटत राहिलं.

"कोण आहे?"

"चष्मेवाला आहे पलीकडचा."

"चांगला आहे?"

वहिनीनेच उत्तर दिलं. "चांगला आहे, अहो. सांभाळून घेतो मला."

इंजिन ठेचकाळलं, दम घेतला.

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं."

फास सरकला. जेट्टीच्या फळ्यांवरून हळूहळू, पाण्याची रेघ ओढत, कठड्याखालून तो धुक्यात गेला. इंजिनाचा आवाज कमी झाला नाही की वाढला नाही. एका क्षणी तो नव्हता, एवढंच. मी खाली बसले आणि तीन वर्षांत रडले नव्हते तेवढी रडले. वहिनी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. वयाने मी तिच्यापेक्षा मोठी, पण त्या वेळी तीच मोठी होती.

थोड्या वेळाने धुकं विरळ झालं आणि लाँच आली. कप्तान नवा होता, त्याच आठवड्यात रुजू झालेला, बेटावर त्याला कुणाची ओळख नव्हती. त्याने ट्रंक चढवून घेतली. वहिनी माझ्या गळ्यात पडली, मग मागे न बघता फळी चढून गेली. मी हात हलवला. लाँच वळली आणि गेली. उतारू पाच-सहाच असतील, मी काही मोजले नाहीत.

वर येऊन मी संचापाशी बसले. पलीकडे पोचल्यावर लाँचने कळवायचं असतं, त्यासाठी थांबावं लागतं. दिवे लागायच्या सुमारास कप्तानाचा आवाज आला. पोरगा तोंडाने मोकळा होता.

"पोचलो, ताई. धुकं अजिबात नव्हतं. तुमच्या वहिनी नीट उतरल्या. चष्मेवाले घ्यायला आले होते. तिघं मिळून गेले. ओव्हर."

"तिघं कोण?"

"त्या, चष्मेवाले आणि तुमचे धाकटे. त्यांनीच ओळख सांगितली. वहिनींच्या मागच्या बाकावर बसले होते. त्यांना वहिनींशी काही बोलायचं नव्हतं वाटतं, माझ्याशीच गप्पा मारत होते. शेवटी ट्रंक त्यांनीच उचलली. ओव्हर."

भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला वाईट वाटलं की तो तिच्यामागे गेला. मी बोलावलं होतं, मी त्याच्याशी घसा बसेपर्यंत बोलले होते, आणि तो लाँचमध्ये चढला तेव्हा मी तिथेच हात हलवत उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंही असेल.

मग वहिनीचा विचार आला. तिला फोन करायला हवा होता. काय सांगणार होते मी तिला?

"ताई, ऐकताय ना?" कप्तान म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "एक विचारायचं होतं. तुमचे धाकटे म्हणत होते, ताई होत्या तोवर बेटावरच्या बातम्या ऐकायला मजा यायची. आता नवी बाई बसते. ती नुसतं हवामान सांगते आणि संच बंद करते..."

तो घुटमळला.

"ते म्हणाले, 'ताई आता माझ्याच बोटीवर असते, माझ्याबरोबर.' मग मी आत्ता कोणाशी बोलतोय? ओव्हर."