हलतो तो आपला

सासूसुनांचं मिठावरून बिनसतं, माहेरावरून बिनसतं. दुबईच्या खाडीकाठी हव्वाबी आणि तिची सून बिलकीस यांचं मात्र जुळलं, तेही चक्क एका दीर्घिकेवरून.

बिलकीस मुंबईत खगोलशास्त्र शिकलेली. लग्नानंतर ती इथे आली, तरी प्रोफेसरांनी तिचा पिच्छा सोडला नव्हता. दक्षिणेच्या आकाशाचे काचेवर घेतलेले फोटो ते बोटीने पाठवत. पारदर्शक काच आणि तिच्यावर तारे म्हणून काळे ठिपके. एकाच जागेच्या जुन्या-नव्या काचा दुपारच्या उन्हात खिडकीशी धरायच्या आणि काय बदललं ते टिपायचं, हे तिचं काम.

हव्वाबीला दृष्टीची भारी धास्ती. नव्या शिवणयंत्रालासुद्धा तिने काजळाची तीट लावली होती. एकदा तिने काचेलाही लावली.

"अम्मा! प्रोफेसर म्हणतील, बिलकीसने नवा तारा शोधला."

"एवढं नाजूक काम उघड्यावर टाकतेस. नजर लागते."

बिलकीसने हसत तीट पुसली आणि सासूला जवळ बसवलं. "ही बटुदीर्घिका, अम्मा. आपल्या आकाशगंगेची शेजारीण. सगळे म्हातारे, लालसर तारे. नवा जन्मायला तिथे धूळ नाही, वायू नाही."

"आणि फिरत नाहीत?"

"फिरतात. पण इतके लांब, की वर्षानुवर्षं जागच्या जागीच दिसतात. काचेवर हललेला दिसतो तो मध्ये आलेला, जवळचा."

"म्हणजे हलतो तो आपला," म्हणत हव्वाबी मासे साफ करायला उठली.

गनी, हव्वाबीचा एकुलता एक आणि बिलकीसचा नवरा, तेव्हा रत्नागिरीहून लाँचने निघाला होता. त्याच्या मागून निघालेल्या लाँचेस आल्या, त्याची आली नाही. धक्क्यावरचे लोक "इन्शाल्ला, उद्या" म्हणत आणि नजर चुकवत.

त्याच दिवसांत बटुदीर्घिकेच्या काचेच्या खालच्या कडेला एक ठिपका उमटला. बिलकीस कापूस घेऊन बसली, पण तो पुसला जाईना. भिंगातून पाहिलं तर तो काचेवर नव्हताच. इतर ताऱ्यांसारखा फोटोच्या रसायनाच्या थरात होता. तिने शेजारी पेन्सिलीची खूण केली. दुसऱ्या दुपारी ठिपका खूण मागे टाकून आत सरकलेला.

उन्हाने थर ओघळला असेल, तिने स्वतःला समजावलं. पण मग बाकीचे तारे का नाही ओघळले? प्रोफेसरांना लिहायला तिने कागद घेतला आणि ठेवून दिला. त्या ठिपक्यावर तिचा जीव जडला होता. त्याच्या वाटेत नको म्हणून ती काचेवरची धूळ फुंकून टाकी.

"आज कुठवर आला?" हव्वाबी चुलीपासून विचारी.

"ताऱ्यांच्या पुंजक्यात शिरला, अम्मा."

नाव दोघीही घेत नसत. एक दिवस ठिपका हलला नाही, त्या दिवशी दोघींच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघाला, आणि हव्वाबीने सुनेला कुशीत घेऊन पोटभर रडून घेतलं.

शुक्रवारी, नमाज सुटल्यावर, गनी दारात उभा राहिला.

वाळलेला, दाढी वाढलेला, पण गनीच. बिलकीसने त्याचे हात धरले. थंडगार होते. तो बैठकीत टेकला आणि म्हणाला, "भूक लागलीय."

ती धावत आत गेली. जाताजाता खिडकीशी थबकली.

ठिपका काचेवरच होता. शेवटचे तारे ओलांडून तो वर चालला होता. वरची कड अजून बरीच लांब होती.

ती बघत असतानाच तो हलला.

बैठकीतला गनी बसल्यापासून हलला नव्हता.

स्वयंपाकघरात हव्वाबी पाठमोरी भात उकरत होती. लेक प्रवासातून आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवून ती कानशिलांवर बोटं मोडायची. आज मोडली नव्हती.

"अम्मा, तो... तो अजून वाटेतच आहे."

"माहीत आहे मला."

"मग बाहेर कोण बसलंय?"

हव्वाबीने ताटलीत भात घातला, त्यावर कालवण ओतलं, आणि पदराने ताटलीची कड पुसली.

"हळू बोल, पोरी," ती म्हणाली. "आपण पोहोचलोच नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही. आधी जेवू दे."