सरावात काढलेलं नाव

हे घडलंय. पटत नसेल तर इथंच थांबा, पण बनवून सांगतोय म्हणू नका.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी. सोलापुरात, एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, गेल्या एप्रिलमध्ये.

प्रभामावशी तिथं स्टोअर सांभाळते. सूत, रंग, पॅकिंग, सगळं तिच्या ताब्यात. मालक बापूसाहेबांनी ईआरपी आणायचं ठरवलं. म्हणजे खरेदी, गोदाम, माग, हजेरी, पगार, सगळ्या खात्यांचा कारभार एकाच सिस्टिममध्ये. एका टेबलावर नोंद केली की बाकी सगळ्या टेबलांवर आपोआप दिसणार. ज्याच्या हातात ही सिस्टिम, त्याच्या हातात कारखाना. तिच्या प्रमुखाची खुर्ची आपल्यालाच मिळणार, असं मावशी धरून चालली होती.

मिळाली सोनालीला.

मंगळवेढ्याची पोर, रोज एसटीनं ये-जा करणारी. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मावशीनंच तिला काम शिकवलेलं. बापूसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कीबोर्डवर हिचा हात बघा कसा चालतो!"

मावशीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

शिकवायला पुण्याहून आलेल्या माणसानं सरावासाठी सिस्टिमची एक नक्कल दिली होती. "यात काहीही करा, खोटीच आहे. सोमवारी खरी सिस्टिम सुरू झाली की ही पुसली जाईल."

शनिवारी सगळे जेवायला गेले. मावशी एकटीच बसली. कर्मचाऱ्यांची नावं उघडली. सोनालीच्या नावावर येऊन थांबली.

'हे नाव कायमचं काढायचं?'

तिनं 'हो' दाबलं.

जिवाला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! आणि तसा सरावच तर होता...

सोमवारी सोनालीनं हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं.

मशीन... वाजलंच नाही.

"बिघडलं वाटतं," म्हणून ती हसली. मागून मावशीनं बोट ठेवलं. लगेच वाजलं.

चहावाली नागव्वा आली. टेबलावर एकच कप ठेवला.

"अगं, सोनालीचा?"

"कोण सोनाली? एकट्याच बसलायसा की बाई."

आणि सोनाली तर... शेजारीच बसली होती.

ती नागव्वाला हाका मारत होती. दंडाला धरून ओढत होती. नागव्वानं नुसता दंड खाजवला आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

तेवढ्यात बापूसाहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रभाताई, ही सिस्टिम तुम्हीच सांभाळायची. तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

खोटं कशाला बोलू? भीती वाटत होती, तरी मावशीला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सोनाली रडतच आली.

"ताई, आईनं मला जेवायलाच वाढलं न्हाय ओ. मी बसलेली, अन् तिनं माझ्या अंगावरनं झाडू फिरवला! तुमालाच तेवढी दिसते मी. साहेबांना सांगा की, मी हाय म्हणून."

मावशी हादरली. तिनं घाईघाईनं सोनालीचं नाव नव्यानं भरलं.

'हे नाव आधीच आहे.'

मग तेच नाव शोधलं.

'असं नाव... सापडत नाही.'

पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ती नक्कल पुसली. आणि सरावातलं काही खऱ्यात येतच नाही. पण ही सोनाली कोण?"

आता एकच उरलं होतं. बापूसाहेबांकडे जायचं आणि आपण काय केलं ते सांगून टाकायचं. ते वेड्यात काढतील, खुर्ची जाईल, पण एका तरी माणसासमोर पोरीचं नाव निघेल.

मावशी केबिनच्या दारापर्यंत गेली. मागं सोनाली, तिचा पदर घट्ट धरून.

आत बापूसाहेब कुणा व्यापाऱ्याला सांगत होते, "आमच्या प्रभाताईंसारखं माणूस अख्ख्या सोलापुरात मिळायचं नाही."

मावशी दारातच उभी राहिली. सगळं कौतुक ऐकलं. आणि मागं फिरली.

"साहेब कामात आहेत," तिनं सोनालीला सांगितलं. तिच्याशी बोललेलं ते शेवटचं.

हे सगळं तिनं मला परवा, कारखान्यात भेटायला गेलो तेव्हा सांगितलं.

"अजून आहे ती?" मी हळूच विचारलं.

"असते की. इथंच. मी बघत नाही तिच्याकडे."

आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोरचा कीबोर्ड... टकटक वाजायला लागला.

मी दचकून मागं सरकलो. मावशी मात्र जराही दचकली नाही. दातओठ खात तिकडं बघून पुटपुटली, "मेली, अजूनही माझ्यापेक्षा भराभर चालवते."

मी तसाच उठून निघालो. रिक्षात बसलो तरी डोळ्यांसमोर सारखा येत होता तो मावशीचाच चेहरा.